बडोद्यात पाऊस थांबल्यावरही सावध राहा

पुराच्या तयारीसाठी टॉर्च, पाणी, औषधं जवळ ठेवा असं सांगतात, ते योग्यच. पण आपल्या बडोद्यात पाऊस उघडला म्हणून निर्धास्त होऊ नका. शहराजवळच्या आजवा जलाशयाचं पाणी विश्वामित्री नदीत उतरलं की पूर नंतरही चढतो. नदीवरच्या काळा घोडा पुलाजवळ २६ फूट ही धोक्याची पातळी, तिच्यावर नजर ठेवा. २०२४च्या ऑगस्टमध्ये नदी त्याच्याही खूप वर गेली आणि मगरी वस्त्यांत शिरल्या. त्यामुळे गुडघाभर पाण्यातसुद्धा मुलांना उतरू देऊ नका, कळकळीने सांगतेय! तळमजल्यावाल्यांनी इन्व्हर्टरची बॅटरी आधीच उंचावर ठेवावी, पाणी उंबऱ्याशी यायच्या आत मेन स्विच बंद करावा. घरात कुणाचं इन्सुलिन असेल तर वीज गेल्यावर ते कापडात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवा, बर्फाला थेट टेकवू नका, गोठलं की वाया जातं.