बोर्ड हातात नसताना इंटरप्ट हँडलरचा रिव्ह्यू करावा की नाही?

ताना_बाना:
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागांसाठी आमच्यातले काही जण लिनक्सवर चालणारं छोटं कार्ड बनवतायत. मागावर पडणारे पिक, म्हणजे आडवे धागे, मोजायचे आणि ताना, म्हणजे उभा धागा, तुटला की माग थांबवायचा, एवढंच काम. सेन्सर बरेच, म्हणून मध्ये पीसीएफ८५७४ हा आयटूसीवरचा (दोन तारांच्या बसवरचा) एक्सपांडर, म्हणजे पिना वाढवणारी चिप, घातलाय आणि त्याची इंटरप्टची, म्हणजे 'काम थांबवून इकडे बघ' सांगणारी, एकच तार प्रोसेसरकडे जाते. ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या कोडचा) पॅच, म्हणजे कोडमधला बदल, गटात आला, मी वाचून शेरे लिहिले. त्यावर उत्तर मिळालं: "ज्याच्याकडे बोर्ड नाही त्याने इंटरप्टच्या कोडवर बोलू नये. आमच्याकडे चालतंय."

हे मला अजिबात मान्य नाही. इंटरप्टच्या बहुतेक चुका वेळेच्या असतात, आणि वेळेच्या चुका चालवून नाही, वाचूनच सापडतात. माग मिनिटाला १०० पिक टाकतो असं धरा. टेबलावर दहा मिनिटं चाचणी घेतली की १,००० इंटरप्ट झाले. कारखान्यात बारा तासांच्या एका पाळीत ७२,००० होतात. लाखात एकदा होणारी गडबड टेबलावर बहुधा दिसणारच नाही, आणि मागावर ती साधारण दर दीड पाळीला येईल. एका शेडमध्ये चोवीस माग असतील तर रोज किती वेळा, ते ज्याचं त्यानं मोजावं.

आता त्या पॅचमध्ये बोर्ड न बघता काय दिसलं ते सांगतो. ड्रायव्हर आयआरक्यू (इंटरप्टची लाइन) डेव्हएमच्या पद्धतीने मागतो, म्हणजे तो आपोआप सुटतो, पण रिमूव्ह फंक्शन (ड्रायव्हर काढताना चालणारं) संपल्यानंतर. आणि त्या रिमूव्हमध्येच बफर हाताने केफ्री केलाय. बफर गेला, आयआरक्यू अजून जिवंत. त्या मधल्या क्षणी धागा तुटला तर हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) मोकळ्या केलेल्या मेमरीत लिहिणार. शिवाय हँडलर काहीही झालं तरी 'आयआरक्यू हँडल्ड' परत करतो. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, एक सोय आहे: लाख इंटरप्टमधले ९९,९०० पेक्षा जास्त कुणीच आपले म्हटले नाहीत, तर 'नोबडी केअर्ड' असा संदेश टाकून ती लाइन बंद केली जाते. तुम्ही प्रत्येक वेळी 'माझाच होता' म्हणालात की ती सोय गेली. लाइनवर खोटे इंटरप्ट सतत येत राहिले तर प्रोसेसर त्यातच फिरत राहील आणि लॉगमध्ये एक ओळसुद्धा येणार नाही.

होटगी_रोड:
त्या गटात ते वाक्य मीच लिहिलं होतं आणि अजूनही त्यावर ठाम आहे. दादा, तुम्ही दाखवलेली रिमूव्हची चूक खरी आहे. पण मागावरच्या कार्डातून मॉड्यूल (ड्रायव्हर) कोण काढतो? वीज गेली की कार्ड बंद, आली की चालू. माझं दुखणं वेगळं आहे. मागाची मोटर सुरू होताना सेन्सरच्या तारेत इतका गोंगाट येतो की एका पिकला तीन-चार खोटे एज (सिग्नलचे चढउतार) मिळतात. हे कोडच्या कुठल्या ओळीत दिसतं ते मला दाखवा. ऑसिलोस्कोप लावल्यावरच दिसतं. वाचणारा माणूस हँडलर देखणा करून देतो, आणि टॉवेल मात्र दोन इंच आखूड निघतो. तो व्यापारी परत करतो, तेव्हा कारखानदार मला धरतो, रिव्ह्यू करणाऱ्याला नाही.

सात_रस्ता:
होटगी_रोड यांच्याशी सहमत. डेटाशीट (चिपचं माहितीपत्रक) एक सांगते आणि स्वस्तातली चिप दुसरंच करते. हार्डवेअर हेच खरं.

ताना_बाना:
@सात_रस्ता, मग डेटाशीट आधी वाचू या तरी. पीसीएफ८५७४च्या डेटाशीटमध्ये सरळ लिहिलंय की पोर्ट (चिपच्या इनपुट पिना) वाचताना अ‍ॅकनॉलेजच्या पल्सच्या वेळी आलेला इंटरप्ट हरवू शकतो. आणि इनपुट पुन्हा मूळ स्थितीला आलं की इंटरप्टची तार आपोआप वर जाते. म्हणजे पिकचा पल्स आला, संपला, आणि आपण आयटूसीवर पोर्ट वाचेपर्यंत काही घडलंच नाही असं दिसतं. पिक गेला. टॉवेल आखूड निघण्याचं हे एक कारण असू शकतं, आणि ते ऑसिलोस्कोपशिवाय, घरी बसून वाचता येतं. म्हणून पिकचा सेन्सर एक्सपांडरवर नकोच, तो थेट प्रोसेसरच्या पिनवर घ्या. एक्सपांडरवर तान्याचे सेन्सर ठेवा, कारण तुटलेला धागा तुटलेलाच राहतो. तिथं वाचायला थोडा उशीर झाला तरी माहिती जागेवर असते.

याच कारणासाठी त्या लाइनवर फॉलिंग एज (तार खाली जातानाच इंटरप्ट) लावलाय तोही चुकीचा आहे. आपण वाचत असतानाच दुसरा धागा तुटला तर तार खालीच राहू शकते, नवा एज कधीच येत नाही आणि कार्ड बहिरं होतं. लेव्हल लो (तार खाली असेपर्यंत इंटरप्ट) लावा आणि सोबत वनशॉट फ्लॅग द्या, म्हणजे थ्रेड (हँडलरचा मागाहून चालणारा भाग) पोर्ट वाचून होईपर्यंत लाइन झाकलेली राहील.

कॉलेज_कट्टा:
सर, मी शेवटच्या वर्षाला आहे. वनशॉट नसला तर नेमकं काय होतं? आमच्या प्रोजेक्टमध्ये रिक्वेस्ट थ्रेडेड आयआरक्यूला (आयआरक्यू मागण्याच्या फंक्शनला) पहिला हँडलर नल, म्हणजे रिकामा, दिला होता आणि ते फंक्शन एररच देत होतं.

पुण्यातला_सोलापूरकर:
बरोबर देतं ते. आयटूसीवरची देवाणघेवाण झोपू शकते, आणि हार्ड इंटरप्टमध्ये झोपायची मुभा नाही. म्हणून खरं काम थ्रेडमध्ये जातं. आता लेव्हल इंटरप्ट आहे, चिप अजून वाचलेली नाही, म्हणजे तार खालीच आहे. लाइन उघडी ठेवून परतलात तर तत्क्षणी पुन्हा इंटरप्ट, पुन्हा, पुन्हा. थ्रेडला चालायला वेळच मिळणार नाही. म्हणून पहिला हँडलर नल आणि वनशॉट नाही, अशी मागणी कर्नल सहसा नाकारतो. थ्रेडेड इंटरप्ट २००९ साली २.६.३० मध्ये आले, तेव्हापासून आयटूसीवरच्या चिपांचे ड्रायव्हर लिहिणं खूप सोपं झालंय.

मूळ वादात मी ताना_बाना यांच्या बाजूने आहे, पण त्यांच्या कारणासाठी नाही. माणसाच्या वाचण्यावरही माझा फार भरवसा नाही. लॉकडेप, म्हणजे लॉकांच्या चुका शोधणारी सोय, २००६ पासून, २.६.१८ पासून कर्नलमध्ये आहे. प्रोसेस बाजूने साधा स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत प्रोसेसरला जागीच फिरवणारं कुलूप) घेतलाय आणि तोच लॉक हँडलरही घेतो, अशी जोडी असेल तर त्याच प्रोसेसरवर नको त्या क्षणी इंटरप्ट येऊन माग कायमचा लटकू शकतो. लॉकडेपला तो क्षण यावा लागत नाही. दोन्ही वाटा वेगवेगळ्या वेळी एकेकदा चालल्या की तो ओरडतो. अ‍ॅटॉमिक स्लीपची तपासणी चालू ठेवा, हँडलरमध्ये कुणी जीएफपी कर्नलने (झोपू शकणाऱ्या पद्धतीने) मेमरी मागितली तर लगेच कळतं. या दोन्ही गोष्टी चालू असलेला कर्नल बोर्डावर एक दिवस पळवा, मग वाचायला बसा.

होटगी_रोड:
बघा, शेवटी बोर्डावरच आलात की ओ!

पिकचा सेन्सर थेट पिनवर घ्यायचं मान्य आहे, तसं वायरिंग बदलतो. पण पल्सची रुंदी किती, हे डेटाशीट सांगत नाही. ती मागाच्या वेगावर, सेन्सर कुठं बसवलाय त्यावर आणि चुंबक किती झिजलाय त्यावर ठरते. डिबाउन्स, म्हणजे एका एजनंतर पुढचे न मोजण्याचा वेळ, किती मिलिसेकंद ठेवायचा? जास्त ठेवला तर खरा पिक गिळला जातो, कमी ठेवला तर मोटरचा गोंगाट मोजला जातो. हा आकडा वाचून सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

ताना_बाना:
तो आकडा तुम्हीच सांगायचा, त्यात वादच नाही. माझा वाद "बोलू नये" या दोन शब्दांशी आहे. सोलापुरात हे काम शिकणारी किती मुलं आहेत, आणि त्यातल्या किती जणांच्या हातात मागाचं कार्ड येतं? पीसीएफ८५७४चा ड्रायव्हर कर्नलच्या जीपीआयओ फोल्डरमध्ये सगळ्यांना वाचायला उघडा आहे. तो वाचून, त्यात इंटरप्ट कसा हाताळलाय ते आपल्या पॅचशी ताडून बघणाऱ्या मुलाला आपण गप्प बसवणार असू, तर पाच वर्षांनी हे कार्ड सांभाळायला माणूस कुठून आणायचा?

आणि मॉड्यूल कोण काढतो म्हणालात. प्रोब (ड्रायव्हर सुरू होतानाचं फंक्शन) अर्धवट फसला तरी तीच उलटी वाट चालते. आयटूसीच्या तारेचा कनेक्टर ढिला असेल तर प्रोब फसतो, आणि आपल्याकडच्या शेडमध्ये, कापसाच्या धुळीत, कनेक्टर ढिले होणारच.

कॉलेज_कट्टा:
सर, वर्कक्यू (कामं नंतर करायची रांग) वापरला असेल तर बंद करताना क्रम काय ठेवायचा? आधी काम रद्द करायचं की आधी आयआरक्यू सोडायचा?

ताना_बाना:
आधी आयआरक्यू सोडायचा. फ्री आयआरक्यू चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबतो. त्यानंतर कॅन्सल वर्क सिंक, आणि मग मेमरी. उलट केलंस तर काम रद्द झाल्यावर हँडलर ते पुन्हा रांगेत टाकू शकतो. अजून एक: हँडलरच्या आतून स्वतःच्याच लाइनवर डिसेबल आयआरक्यू कधीही बोलवायचा नाही. तो हँडलर संपायची वाट बघतो आणि हँडलर त्याची. तिथं नोसिंक असलेलं वापर.

पुण्यातला_सोलापूरकर:
रिअल टाइमचा, म्हणजे ठरल्या वेळेत हमखास प्रतिसादाचा, विचार आत्ताच करून ठेवा. प्रीएम्प्ट आरटी २०२४ मध्ये ६.१२ बरोबर मुख्य कर्नलमध्ये आला. तो चालू केला की बहुतेक हँडलर थ्रेडमध्ये जातात आणि साधा स्पिनलॉक झोपू शकतो. पिकचा हँडलर मुद्दाम हार्ड ठेवणार असाल तर आत रॉ (न झोपणारा) स्पिनलॉक लागेल.

होटगी_रोड:
ठीक. कर्नलच्या रिवाजात 'रिव्ह्यूड-बाय' आणि 'टेस्टेड-बाय' वेगवेगळ्या ओळी आहेत. बोर्ड नसलेल्याने पहिली लिहावी, मी अडवणार नाही. पण दुसरी ओळ आल्याशिवाय कार्ड मागावर चढणार नाही, हे माझं कायम. रिमूव्हचा क्रम आणि लेव्हल लो, दोन्ही वेगळ्या पॅचमध्ये पाठवा. एकत्र पाठवलेत तर बघणार नाही.

ताना_बाना:
दोन पॅच रविवारपर्यंत पाठवतो. हँडलर काय परत करतो त्याचा तिसरा असेल. पोर्टमध्ये काहीच बदल नसेल तर 'आयआरक्यू नन', म्हणजे 'माझा नव्हता'. त्यावर तुमचा आक्षेप असेल तर इथंच लिहा, फोनवर नको. बाकीच्यांनाही वाचू द्या.