बोक्याला गोळी दिली नाही म्हणून मी डॉक्टरांवर चिडले होते

गण्याची_आई:
आमचा गण्या, वय वर्षं 3. गेल्या सोमवारी दर दहा मिनिटांनी लिटर ट्रेमध्ये जाऊन बसायचा, थेंबभर लघवी आणि ओरडणं. व्हेटने पोट चाचपून मूत्रमार्ग तुंबलेला नाही याची खात्री केली (बोक्यांत तसं झालं तर जिवावर बेतू शकतं), लघवी तपासली आणि म्हणाले, जंतू नाहीत. तरुण मांजरांत हा त्रास बहुतेक वेळा ताणामुळे होतो. वेदनाशामक दिलं, ओलं खाणं वाढवायला सांगितलं. अँटिबायोटिक नाही! एवढे पैसे मोजून साधी गोळी नाही, म्हणून घरी येईपर्यंत माझी चिडचिड. पाचव्या दिवशी गण्या ठणठणीत. आता वाटतं, 'काहीतरी स्ट्राँग द्या' म्हणून मागे लागतो ते आपणच.

टायगरचा_बाबा:
नशीब तुमचं. टायगरला गोचीड ताप आला, नाकातून रक्त, प्लेटलेट्स घसरलेल्या. डॉक्टरांनी पुढच्या रिपोर्टची वाट न बघता डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, एक अँटिबायोटिक) सुरू केली म्हणून आज तो आहे. कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) दोन-तीन दिवस लागतात, आणि आमच्या तालुक्यात लॅब आहे कुठे? व्हेट म्हैस सोडून कुत्र्याकडे बघतो हेच खूप. शहरात बसून 'अँटिबायोटिक जबाबदारीने वापरा' म्हणणं सोपं आहे.

श्वानवैद्य:
टायगरच्या डॉक्टरांनी बरोबरच केलं, मीही तेच केलं असतं. पण तो कोर्स साधारण 28 दिवसांचा. आठव्या दिवशी कुत्रं जेवायला लागतं आणि मालक थांबतात. उरलेली पाकिटं पुढच्या खाजेला, नाहीतर शेजारच्या मांजराला. डॉक्सीची गोळी मांजराला कोरडी भरवली तर अन्ननलिकेत अडकून जखम होते, मागून पाणी द्यावंच लागतं. एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा डोस जास्त झाला तर मांजराची दृष्टी जाऊ शकते. साध्या जुलाबाला तर बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही.

कडवट_काका:
कोंबड्यांना खाद्यातून अँटिबायोटिक चारायची आणि जंतू औषधाला जुमानत नाहीत याचं पाप आमच्या मोत्याच्या माथी?

श्वानवैद्य:
कोंबड्यांचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच 2019 मध्ये खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली. पण कोंबडी तुमच्या उशीवर झोपत नाही, काका. कुत्र्याच्या कातडीवरचे औषधाला न जुमानणारे जंतू कधीकधी मालकाच्या हातावरही सापडतात.

टायगरचा_बाबा:
डॉक्टरसाहेब, पण केमिस्ट चिठ्ठीशिवाय देतो त्याचं काय? शेड्यूल एच-1 (चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची सरकारी यादी) मधल्या अँटिबायोटिक्सची नोंद 2014 पासून वहीत ठेवावी लागते म्हणे. आमच्या चौकातल्या दुकानात मी ती वही कधी बघितली नाही. आधी त्याला धरा, मग मला शिकवा.

गण्याची_आई:
त्याला धराच. पण मागणारे कोण, तुम्ही-आम्हीच ना?

टायगरचा_बाबा:
बरं बाई. माझ्या ड्रॉवरमध्ये सेफॅलेक्सिन या अँटिबायोटिकच्या पाच गोळ्या पडल्यात, मागच्या वर्षीच्या. टायगरचा कान परत वास मारतोय. नाही देत. उद्या घेऊन जातो त्याला.