मदत हवी आहे: हार्डी-वाइनबर्ग आणि आपल्या पऱ्हाटीतली गुलाबी बोंडअळी

कापूसकोंड्या:
मंडळी, परभणीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हार्डी-वाइनबर्ग पेपरला हमखास येतं. (१९०८ चा नियम, रामानुजनला केंब्रिजला बोलावणारे हार्डी ते हेच.) गणितं सुटतात, पण डोक्यात बसत नाही.

नियम सांगतो की समूह मोठा, समागम सरमिसळ, आणि निवड, उत्परिवर्तन, स्थलांतर यांतलं काही नाही, तर जनुकांचं प्रमाण पिढ्यानपिढ्या तेवढंच राहतं. आणि आमच्या रानात? बीटी (अळी मारणारं प्रथिन झाडातच तयार करणारी कपाशी) २००२ ला आली, अशा दोन जनुकांची २००६ ला, आणि २०१७ ला वरून टच्च दिसणारी बोंडं फोडली की आत अळी. वडील म्हणतात, "अळीला सवय झाली." सवय म्हणजे उत्क्रांती नव्हे, एवढं कळतं.

पण प्रतिकाराचं जनुक अप्रभावी (दोन्ही प्रती असतील तरच गुण दिसतो असं) धरलं आणि क्यू, म्हणजे समूहात त्या जनुकाचं प्रमाण, ०.०१ घेतला, तर दहा हजारांत एकच अळी दोन्ही प्रतींची. ती तगली तरी जोडीदार साधाच मिळणार, पिल्लं एकेरी प्रतीची, म्हणजे बीटीवर मरणारच. मग प्रमाण वाढलं कसं? आणि बीटीच्या बोंडांतून गोळा केलेल्या अळ्यांवर हे सूत्र लावता येतं का? सरांना विचारलं तर "परीक्षेला नाही ते" म्हणाले.

गोदाकाठ:
जोडीदार साधाच मिळणार म्हणतोस, पण साधे पतंग येणार कुठून? सगळी मेख तिथं आहे.

पन्नास हजार अळ्या घे. एक पंचमांश रान नॉन-बीटी, म्हणजे दहा हजार तिथं, चाळीस हजार बीटीवर. बीटीवर तगतात ४. एकूण १०,००४ पतंग, प्रती २०,००८. त्यांत प्रतिकाराच्या २०० + ८. क्यू झाला ०.०१०४, म्हणजे जेमतेम हलला. आता नॉन-बीटी काढून टाक. उरतात ५, पाचही दुहेरी प्रतींच्या. क्यू थेट १! शेजारच्या रानातून पतंग येतात म्हणून खरं इतकं झटक्यात होत नाही, पण दिशा तीच. बियाण्यासोबत नॉन-बीटीचं छोटं पाकीट यायचं ते गावात किती जणांनी पेरलं, विचारून बघ.

हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते, तिला आश्रय आपसूक मिळतो. गुलाबी जवळपास कपाशीवरच. त्यात आपण फरदड ठेवतो, म्हणजे वेचणी झाल्यावरही तीच कपाशी पुढे राखतो, म्हणजे निवडीच्या आणखी पिढ्या.

शिवाय "मरणारच" हे गृहीतकही सैल आहे. आपली बीटी संकरित, झाडात बीटी जनुकाची एकच प्रत. म्हणून बोंडातल्या सरकीत मेंडेलचं ३:१ पडतं. एका जनुकापुरतं बघितलं तर चारांत एक सरकी बिनबीटी. गुलाबी अळी खाते सरकीच. अशा मिसळीत एकेरी प्रतीच्या अळीलाही तगायला वाव मिळतो.

नियम खोटा पडलेला नाही. काहीच दाब नसता तर काय झालं असतं, ते तो सांगतो. प्रमाण हललं की कुठली अट मोडली ते आपण शोधायचं. इथं निवड.

दुसऱ्या प्रश्नाला सरळ नाही. बीटीवरच्या अळ्या निवडीतून गाळून आलेल्या. नॉन-बीटी झाडांवरून अळ्या आण, वाढव, त्यांच्या पुढच्या पिढीला बीटी प्रथिन मिसळलेल्या खाद्यावर सोड. तगलेल्यांच्या प्रमाणाचं वर्गमूळ म्हणजे अंदाजे क्यू.

कापूसकोंड्या:
दादा, लई उपकार. पण वर्गमूळ काढताना समागम सरमिसळ झाला हे धरावंच लागेल ना? बीटीवरची अळी हळू वाढली तर पतंग निघायची वेळ जुळायची नाही.

गोदाकाठ:
बरोबर पकडलंस. वेळ चुकली की प्रतिकारवाले आपसातच जुळतात, आणि नॉन-बीटीच्या ओळी असूनही दुहेरी प्रती वाढतात. म्हणूनच नॉन-बीटी वाण बीटीबरोबरच फुलणारं हवं. नुसतं बांधाला काहीतरी लावून भागत नाही.