कान दुखायची वाट पाहू नका

स्कूबा डायव्हिंगला पाण्याखाली उतरताना कान 'दुखायला लागलं की नाक दाबून जोरात फुंकायचं' असं काही जण सांगतात, त्यातल्या 'दुखायला लागलं की' आणि 'जोरात' या दोन्हींना माझा विरोध आहे. दुखेपर्यंत थांबलात तर घशाकडून कानात जाणारी नळी दाबाने मिटलेली असते. मग कितीही फुंकलं तरी ती उघडत नाही, उलट आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते. पाण्यात शिरताच, काही जाणवायच्या आधीच हलकं फुंकायचं आणि दर दोन-तीन फुटांवर पुन्हा. जमलं नाही तर थोडं वर यायचं.

आपण नाशिककर कसारा घाट उतरताना कानाला दडे बसवून घेतोच, आवंढा गिळला की सुटतात. पण त्या अख्ख्या घाटात हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात जेमतेम हातभर खाली गेलं की वाढतो! म्हणून पहिले काही मीटरच सगळ्यात नाजूक. तारकर्लीला माझा डावा कान अडला तेव्हा मी पंजा आडवा हलवून कानाकडे बोट दाखवलं. प्रशिक्षकाने लगेच दोर धरायला लावून मला हातभर वर घेतलं. हनुवटी उचलून, नाक धरून आवंढा गिळल्यावर 'टक्' झालं, मग पाय खाली ठेवूनच सावकाश उतरलो. आणि सर्दी असेल तर गोळी घेऊन मुळीच उतरू नका. औषधाचा असर पाण्यातच ओसरला तर वर येताना कानातली हवा कोंडते, आणि तेव्हा वर तर यावंच लागतं.