बाबांना वाय-९० सुचवलंय, गोव्याहून कुठं न्यावं?

म्हापशेकरीण: नमस्कार मंडळी. बाबा ६६ वर्षांचे, हेपटायटिस बी जुना. लिव्हरच्या उजव्या बाजूला मोठी गाठ, तीही पोर्टल व्हेनच्या (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या शिरेच्या) फांदीत शिरलेली. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात दाखवलं. ऑपरेशन जमणार नाही, पण धमनीतून किरणोत्सर्गी मणी सोडायचा उपचार, म्हणजे वाय-९०, होईल का ते बाहेर विचारा म्हणाले. बाबा तसे खुटखुटीत आहेत, शुक्रवारचा बाजार अजून स्वतः करतात. कोणाच्या घरी झालंय का हे? मुंबई की बंगळूर? घरात दीड वर्षाचा नातू आहे, आईला त्याची धास्ती.

शापोरा: टाटा, परळ. डोळे मिटून.

डिचोलीकर: शापोराभाऊ, टाटा चांगलंच, पण डोळे उघडे ठेवूनच जावं. माझ्या सासऱ्यांचं झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, गाठ आपलं बहुतेक रक्त हेपॅटिक धमनीतून ओढते, तर निरोगी लिव्हरला पाऊण रक्त पोर्टल व्हेनमधून मिळतं. म्हणून जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून यिट्रियम-९०चे मणी धमनीत सोडले की ते गाठीतच जाऊन अडकतात. किरण सरासरी अडीच मिलिमीटर जातात, त्यामुळे आजूबाजूचं लिव्हर बरंचसं वाचतं. मणी इतके बारीक की धमनी फारशी तुंबत नाही. पोर्टल व्हेन अडलेल्यांना केमोच्या 'टेस'ऐवजी (त्यात धमनीतून केमो देऊन ती तुंबवतात) हे सुचवतात ते त्यामुळे.

पण आधी रंगीत तालीम होते, तिला मॅपिंग म्हणतात. टेक्नेशियमचे (सौम्य किरणोत्सर्गी) कण सोडून स्कॅन काढतात आणि फुप्फुसांकडे किती निसटतात ते मोजतात. एका वेळी फुप्फुसांना ३० ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं माप) वर जाणार असेल तर डोस कमी करतात, नाहीतर बेतच रद्द. जठराकडे जाणारी फांदी वाटेत असली तर कॉइल घालून बंद करतात, कारण मणी तिकडे गेले तर अल्सर होऊ शकतो. हे सगळं बघायच्या आधीच आम्हाला एका ठिकाणी पॅकेजचा आकडा सांगून अॅडव्हान्स भरायला सांगितलं. आम्ही फाईल उचलून सरळ बाहेर पडलो.

तेव्हा नावापेक्षा हे विचारा: केस ट्यूमर बोर्डापुढे (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीपुढे) जाणार का, आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी (नळी घालणारे) व न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सर्गी औषधं हाताळणारे) एकाच आवारात आहेत का. बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं माप) २च्या वर किंवा पोटात पाणी असेल तर बहुतेक ठिकाणी नाहीच म्हणतात.

आणखी एक. यिट्रियम दर ६४ तासांनी निम्मं होतं, म्हणून डोस ठरल्या तारखेसाठीच मागवतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या भरवशावर आदल्या रात्री निघू नका, दरड कोसळली की डोस वाया. दोन दिवस आधी पोचा.

रानमोगरा: नातवाबद्दल आईंना सांगा, बीटा किरण शरीराबाहेर फारसे येतच नाहीत. तरी आठवडाभर नातवाला मांडीवर घेऊन बसणं, कुशीत झोपवणं टाळा. गरोदर बाई घरात असेल तर तिनंही अंतर ठेवावं. नेमके दिवस डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. आमच्या मावशीला थकवाच जास्त आला, पेजेशिवाय काही नको म्हणायची.

शापोरा: खर्चाचं कोणी बोललंच नाही. परदेशी मणी लाखांत जातात. बीएआरसीनं (भाभा अणुसंशोधन केंद्रानं) देशी काचेचे मणीही तयार केलेत, ते मिळतील का विचारा. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारचा आरोग्य विमा) आणि सरकारी मेडिक्लेममध्ये काय बसतं ते बांबोळीचा रेफरल कागद हातात असतानाच विचारून घ्या, मागाहून धावपळ होते.

म्हापशेकरीण: देव बरें करूं सगळ्यांचं. बिलिरुबिन १.३ आहे, पाणी नाही. स्कॅनच्या फिल्म तयार आहेत, पुढच्या आठवड्यात निघू म्हणते.

डिचोलीकर: फिल्म पुरणार नाहीत ताई. ट्रिपल फेज सीटीची (रंगद्रव्य देऊन तीन टप्प्यांत काढलेल्या स्कॅनची) सीडी मागून घ्या. धमनीचा फेज त्यात नसेल तर तिकडे पुन्हा स्कॅन करायला लावतील.