मदत हवी आहे : जिगचे केस ओहोटीच्या ओढीत चिकटून बसतात, कुठले केस कशात मिसळू?

खाडीकाठी

खाडीत जिताडा आणि तांबोशी या माशांसाठी घरीच जिग (शिशाच्या डोक्याच्या गळावर केस बांधून केलेलं बनावट आमिष) बांधतो. सध्याचा नमुना असा: २० ग्रॅमचं शिशाचं डोकं, ४/० मापाचा गळ, आत बोकडाचे सरळ केस, वरून क्राफ्ट फर (हस्तकलेची मऊ कृत्रिम फर), दोन्ही निम्मे निम्मे. केसांची लांबी गळाच्या बाकापुढे चार बोटं. दोरा शिवणकामाचा सुती.

कोरडा असताना झुपका भरगच्च दिसतो. पाण्यात गेला की ओल्या वातीसारखा होतो. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) ओहोटीत क्राफ्ट फर गळाला गुंडाळते आणि जिग तळाला टेकतच नाही. दोन-तीन तासांत बटाच्या बटा सुटून येतात.

बकटेल, म्हणजे अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शेपटी, बाहेरून मागवायची नाही. इथे मिळणाऱ्या केसांत तसा फुलोरा कशाने येईल? थर लावायचे की केस मिसळायचे?

शिसं आणि दोरा

आधी कारण बघा. बकटेलचे बुंध्याकडचे केस मुळाशी पोकळ असतात. दोरा आवळला की ते चेपतात आणि बाहेर फाकतात, म्हणून झुपका आपोआप उघडा राहतो. त्याच शेपटीच्या शेंड्याकडचे केस बारीक आणि बरेचसे भरीव, ते फारसे फाकत नाहीत. बोकडाचा केस भरीव आणि गुळगुळीत. कितीही आवळा, आडवाच पडणार. क्राफ्ट फरला स्वतःचा ताठपणा नाही. म्हणजे तुमच्या जिगमध्ये मऊ केसाला टेकायला काहीच नाही.

चितळ-सांबराचे केस कुणी देऊ केले तरी घेऊ नका. मुंगसाच्या केसांचे ब्रश मोडून वापरायचा विचारही नको. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि आपल्याला त्या केसांची गरजही नाही.

पोकळ केस जे काम फाकून करतो ते ताठ केसाकडून करून घ्यायचं. सोयीचा केस पूजेच्या दुकानात मिळतो: चवरी. खरी चवरी पाळीव याकच्या शेपटीची. केस लांब, जाड, थोडा नागमोडी. या नागमोडीमुळे ओला झाला तरी शेजारच्या केसाला पूर्ण चिकटत नाही, मध्ये पाण्याला जागा राहते.

बोकडाचे केस सोडू नका, फक्त जागा बदला. जमनापारीच्या मागच्या मांड्यांवरचे लांब केस मिळाले तर उत्तम, अंगावरचे आखूड केस नकोत. मेंढीची लोकर अजिबात नको. ती पाणी धरते, गुंता होतो आणि फेकताना वजन वाढतं.

मध्यम ओढीच्या पाण्यात २० ग्रॅम आणि ४/० साठी माझं प्रमाण, चिमटीत दाबलेल्या जाडीने: चवरी १ भाग, बोकड २ भाग, क्राफ्ट फर १ भाग. सगळं मिळून दाबल्यावर अर्ध्या पेन्सिलीपेक्षा जाड नको. तुमचा जिग तळाला टेकत नाही याचं मुख्य कारण जास्त केस. पाणी त्या झुपक्याला ढकलून वर उचलतं.

खाडीकाठी

धन्यवाद, जागा बदलायचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन शंका. चवरी खरी की नायलॉनची हे कसं ओळखायचं? आणि चवरी आत की बाहेर?

शिसं आणि दोरा

एक केस जाळून बघा. खरा केस कुरकुरत जळतो, जळक्या केसाचा वास येतो, राख बोटांत चुरगळते. नायलॉन वितळून टोकाला कडक मणी होतो. नायलॉनची निघाली तरी टाकू नका, आधाराच्या थराला चालते. मात्र तिला नागमोड नसते, म्हणून मिसळायला घेऊ नका.

चवरी सगळ्यात आत, आणि आखूड: गळाच्या बाकापर्यंतच. तिचं काम लांब दिसणं नाही, मऊ केसाला बाकापासून दूर ठेवणं आहे. तिच्यावर बोकड, बाकापुढे दोन बोटं. क्राफ्ट फर शेवटी, बोकडापेक्षा किंचित आखूड. चार बोटं पुढे सोडलेली फर फेकताना मागे फिरते आणि गुंडाळते, तुमच्याकडे तेच होतंय.

पाणकावळा

थरांबद्दल सहमत, फक्त बोकड आणि चवरीच्या मधला सांधा मी मिसळून करतो. नुसते थर लावले की बाहेरचा गुळगुळीत बोकड ओला होऊन आतल्या चवरीवर सपाट बसतो. चवरीतला थोडा भाग राखून ठेवा. ती बट आणि बोकडाची बट शेंडे जुळवून एकावर एक ठेवा, शेंड्यांना धरून निम्मे केस उपसा, परत वर ठेवा. असं पाच-सहा वेळा केलं की एकजीव होतात. त्याआधी शेंडे घट्ट धरून मुळाकडून बारीक कंगवा फिरवा आणि खालची मऊ लव काढून टाका. ती राहिली की गाठ फुगीर होते आणि केस निसटतात.

केस सुटायचं कारण वेगळं आहे. कच्च्या केसांवर तेल असतं, त्यावर डिंक धरत नाही. भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, दोनदा खळबळा, सावलीत पूर्ण वाळवा. सुती दोरा फेका, खाऱ्या पाण्यात कुजतो. मेण लावलेला सपाट नायलॉन दोरा, २१० डेनियर (दोऱ्याच्या जाडीचं माप), किंवा काठीच्या कड्या बांधायचा नायलॉन दोरा घ्या.

बांधताना डोक्यामागच्या कॉलरवर (शिशाच्या अरुंद मानेवर) आधी दोऱ्याचा एक पूर्ण थर द्या. कॉलरला प्लास्टिकचं आमिष अडकवायचा काटा असेल तर कापून टाका, त्यावर केस वाकडे उभे राहतात. बट आगपेटीच्या काडीएवढी. मुळं बांधण्याआधीच सरळ कापा, टोकाला सुपर ग्लूचा लहानसा थेंब, डोक्याला टेकवा. दोन वेढे सैल, तिसरा आवळून. बांधल्यावर मुळं कापायला गेलात तर पात्याने दोराही कापला जातो. चवरीच्या दोन बटा बाकाच्या बाजूला, मग मिश्रणाच्या चार बटा चहूबाजूंनी, त्यावर फरच्या दोन पातळ बटा. चमकी घातलीत तर सहा ते आठ तार, जास्त नाही. शेवटी दोऱ्यावर एपॉक्सीचा (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या डिंकाचा) पातळ हात.

खाडीकाठी

भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी लहान असते तेव्हा) पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. तेव्हाही हेच प्रमाण?

शिसं आणि दोरा

नाही. तेव्हा १४ ग्रॅमचं डोकं घ्या आणि क्राफ्ट फर २ भाग, बोकड १, चवरी अर्धा. ओढ नसते तेव्हा ताठ केस हलत नाहीत, मऊ केस काठीच्या बारीक झटक्यानेही श्वास घेतल्यासारखे उघडमीट करतात. उधाणात उलट: २८ ग्रॅम, फर जवळजवळ नाहीच, आणि एकूण केस एक-तृतीयांश कमी.

रंगवायचं असेल तर चवरी आणि बोकड बांधण्याआधी रंगवा. लोकरीचा ॲसिड रंग, पाण्यात थोडं व्हिनेगर, तापमान ७०-८० अंश. उकळी आली की केस कुरळा आणि ठिसूळ होतो. क्राफ्ट फर या रंगात रंगत नाही, ती रंगीतच आणा. गढूळ पाण्याला मी काळ्या-जांभळ्याच्या बाजूने आहे, खालून बघणाऱ्या माशाला आकार ठळक दिसतो.

पाणकावळा

एक राहिलं. एपॉक्सी लावण्याआधी जिग भिजवून भरलेल्या पिंपात हाताने ओढून बघा. एका बाजूला लवंडला किंवा गोल फिरला तर बटा असमान आहेत, आणि फिरणारा जिग लाईनला पीळ घालतो. त्या वेळी दोरा उलगडून जड बाजूची बट काढता येते, एपॉक्सी वाळल्यावर नाही.