मोठ्या कॉलनंतर काउन्सेलिंग सगळ्यांना सक्तीचं करावं का?

बंबवाला:
अग्निशमन दलात १४ वर्षं गाडीवर आहे, कॉल म्हणजे आग-अपघाताची हाक आली की निघायचं. माझं मत आधीच सांगतो, मग तुम्ही बोला. जीव गेलेल्या कॉलनंतर, त्यातही लहान मूल गेलं असेल तर, त्या गाडीवरच्या प्रत्येकाला समुपदेशकाकडे पाठवायलाच हवं. कुणाला हवंय का असं विचारूच नये, कारण विचारलं की काय होतं ते मी बघितलंय. गेल्या वर्षी अशाच एका कॉलनंतर साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, कुणाला काही त्रास होतोय का? सगळे गप्प, मीपण गप्प. माझ्या शेजारचा पोरगा आदल्या रात्री कोरडाठाक होज (पाण्याचा पाइप) तीनदा उलगडून परत गुंडाळत बसला होता, तोसुद्धा "नाही साहेब" म्हणाला. बीए सेटचं (धुरात श्वास घ्यायच्या सिलिंडरचं) प्रेशर आपण रोज बघतो, ते कुणाच्या मर्जीवर सोडत नाही. मग माणसाचंच का सोडायचं?

जुना साहेब:
माझा विरोध आहे. तो प्रश्न विचारणाऱ्यांपैकीच मी एक, स्टेशन ऑफिसर म्हणून रिटायर झालो. सक्ती केली की हजेरीपत्रक येतं, सही येते, आणि वर रिपोर्ट जातो की शंभर टक्के जवानांचं समुपदेशन झालं. आमच्याकडे एकदा झालं हे. एकाने खरं सांगून टाकलं की झोप लागत नाही, बेल वाजली की हात कापतात. आठवड्याभरात त्याला गाडीवरून काढून कंट्रोल रूमला बसवला. कुणी वाईट हेतूने केलं नाही, फिटनेसचा प्रश्न म्हणून केलं, पण नंतर त्या खोलीत एकाने तोंड उघडलं नाही. त्यापेक्षा आपली बॅच, आपली माणसं, रात्री मेसमधल्या गप्पा, यावर आम्ही ३० वर्षं काढली.

बंबवाला:
साहेब, बदलीचं तुमचं अगदी बरोबर. पण मेसमध्ये आपण बोलतो कुठे? कॉल कसा मारला, पाणी कुठून घेतलं, कोण पाय घसरून पडला, हे बोलतो. आत काय दिसलं ते कुणी काढत नाही.

ऐकणारी:
मी समुपदेशक आहे, आपत्कालीन सेवेतल्या लोकांबरोबर काम करते. सक्तीने बोलायला लावण्याला माझाही विरोध आहे, पण कारण वेगळं. घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोलात बसवून बोलतं करायचं ही पद्धत १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी मांडली, ते स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेतले. खूप ठिकाणी ती रूढ झाली. पण २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) दिसलं की एकाच बैठकीतल्या अशा डीब्रीफिंगमुळे पुढचा पीटीएसडी (आघातानंतर राहणारा मानसिक त्रास) टळत नाही, काहींना उलट त्रास होऊ शकतो. कामाचे उपचार वेगळे आहेत: ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (आठवण मनात आणून डोळ्यांच्या हालचाली करवणारी थेरपी), जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये याच दोन्हींची शिफारस केली. हे एका बैठकीत होत नाही, कित्येक आठवडे लागतात.

आणि "मोठा कॉल" हा निकषच मला पटत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत कामाचा भाग म्हणून असल्या गोष्टी पुन्हा पुन्हा बघाव्या लागणं हेही कारण म्हणून धरलंय, आणि तिथे उदाहरणच मानवी अवशेष गोळा करणाऱ्यांचं आहे. पाच मोठे कॉल पचवलेला माणूस सहाव्या साध्या कॉलला कोसळतो, आणि लोक म्हणतात याला एवढ्याशाने काय झालं!

त्याची बायको:
तुम्ही सगळे स्टेशनबद्दल बोलताय, घराबद्दल कुणीच नाही. हे रात्रीतून चार वेळा उठून गॅस बंद आहे का बघतात. मुलाचा पलंग ओढून दाराजवळ आणलाय, का ते सांगत नाहीत, मी विचारलं तर चिडतात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर २४ तासांची ड्युटी, सुटून आले की झोपतात, ओपीडी दुपारी बंद होते, रजा मागायची तर कारण लिहावं लागतं. काय लिहायचं हो कारण? मला तर सक्तीच हवी. यांना "मला पाठवलं म्हणून गेलो" असं म्हणता येईल, स्वतःहून गेलो असं ते कधीच म्हणणार नाहीत.

जुना साहेब:
ताई, कारण लिहायचा हा मुद्दा माझ्या कधी डोक्यात आला नव्हता, आणि अशा कित्येक रजेच्या अर्जांवर मी सही केलीय.

स्वयंसेवक:
आम्ही पगारी नाही, हाक आली की हातातलं काम टाकून पळतो. जर्मनीसारख्या देशात तर बहुतांश फायर ब्रिगेड अशीच चालते. आम्हाला ना विभागाचा डॉक्टर ना रजा, दुसऱ्या दिवशी आपापल्या ऑफिसला हजर. सक्ती करणार कोण आमच्यावर, आणि सोय तरी करणार कोण?

बंबवाला:
ताई आणि मॅडम, दोघींचं वाचून मी थोडं बदलतो. सक्ती बोलायची नको, वेळेची हवी. ड्युटीच्या तासातच, प्रत्येकाला, वर्षातून ठरलेल्या वेळा, कॉल झालेला असो नसो, बाहेरच्या माणसाकडे. गप्प बसायचं तर तासभर गप्प बसा. कॉलनंतर महिन्याने परत फोन आला पाहिजे, कारण पहिल्या आठवड्यात सगळे ठीकच असतात.

जुना साहेब:
फाइल कुणाकडे राहणार ते आधी लेखी द्या. विभागाकडे जाणार असेल तर माझा विरोध कायम.

त्याची बायको:
तो होज गुंडाळणारा मुलगा आता कसा आहे?

बंबवाला:
माझ्याच शिफ्टला आहे. मी अजून विचारलेलं नाही ताई. उद्या सकाळी चार्ज घेताना एकटा गाठतो.